गृहस्थाचे सुख आणि रोजच्या सवयी



वर्षावासाच्या तीन महिन्यांत आमच्या विहारात दर रविवारी सायंकाळी अभ्यासवर्ग भरतो. वंदना होते, एखादे सुत्त वाचले जाते आणि मग ज्याला जे विचारायचे असेल ते विचारता येते. अशाच एका रविवारी बारावीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "काका, आमच्या घरी रोज वंदना होते. तरी रोज संध्याकाळी भांडण होतंच. असं का?"

वर्गात शांतता पसरली. एका ज्येष्ठ उपासकांनी सांगितले की, श्रद्धा कमी पडत असावी. दुसऱ्या एकाने टीव्ही आणि मोबाईलला दोष दिला. मुलगी खाली बसली; परंतु तिचे समाधान झाले नव्हते आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. पुढचे काही रविवार आम्ही केवळ याच प्रश्नासाठी सुत्ते वाचली. त्या वाचनातून जे हाती लागले, ते सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

बुद्धधम्म म्हणजे संसार सोडलेल्यांचा मार्ग, असा एक समज अजूनही लोकांत आहे. आपल्यातील काही सुशिक्षितही तसेच मानतात. हा गैरसमज दूर करायचा असेल, तर अंगुत्तर निकायातील दीघजाणूची भेट वाचावी. कोलियांच्या कक्करपत्त नावाच्या गावी भगवंत असताना दीघजाणू त्यांच्याकडे आला. त्याच्या कुळाचे नाव व्यग्घपज्ज. त्याने आडपडदा न ठेवता सांगितले की, आम्ही घरदार, मुलेबाळे असलेली माणसे आहोत. काशीचे चंदन लावतो, फुलांच्या माळा घालतो, सोन्यारुप्याचा व्यवहार करतो. आमच्यासारख्यांना याच जन्मी सुख लाभेल असे काही सांगा. तथागतांनी त्याला चंदन टाकून दे असे सांगितले नाही. घर सोड असेही सांगितले नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. आपल्या कामात कौशल्य आणि उद्योगीपणा, ही उट्ठानसंपदा. कष्टाने मिळवलेल्याची राखण, ही आरक्खसंपदा. चांगल्या माणसांची संगत, ही कल्याणमित्तता. आणि चौथी समजीविता, म्हणजे आपली मिळकत ओळखून, फार उधळेपणाही नाही आणि फार कंजूषपणाही नाही, असे समतोल जगणे. श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा यांचा उपदेश त्यानंतर येतो. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

समजीविता समजावताना तराजूचा दाखला आहे. तराजू हाती धरणाऱ्याला पारडे किती झुकले, किती उचलले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपली आवक आणि जावक कळली पाहिजे. थोडी मिळकत असून जो थाटात राहतो, त्याला उंबर खाणाऱ्याची उपमा दिली आहे. अट्ठकथेत तिचा खुलासा असा की, उंबर खाण्यासाठी माणूस झाड हलवतो, फळांचा सडा पडतो, त्यातली मूठभर तो खातो आणि बाकीची मातीत जातात. ज्यांचे बालपण गावाकडे गेले आहे त्यांना उंबराखालचा तो लाल चिखल आठवेल. पुढे भगवंत उलट बाजूही सांगतात. भरपूर मिळकत असून जो पोटाला चिमटा घेत जगतो, तोही शहाणा नव्हे. हा भाग आपण सहसा वाचून दाखवत नाही. आयुष्यभर मुलांसाठी साठवत राहिलेले आणि स्वतःचे डोळे वेळेवर न तपासलेले कितीतरी वडीलधारे आपल्यात आहेत.

मिळवलेले वाहून जाण्याच्या चार वाटाही तेथेच सांगितल्या आहेत: परस्त्रीगमन, दारू, जुगार आणि वाईट संगत. तळ्याला पाणी यायची चार तोंडे बंद केली, जायची चार उघडी ठेवली आणि पाऊसही नीट झाला नाही, तर तळ्याचे जे होईल तेच घराचे होते. दारूविषयी येथे नव्याने सांगण्यासारखे काही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत तिचा निषेध आहेच. जुगाराचा अड्डा मात्र आता गल्लीच्या टोकाला शोधावा लागत नाही. तो खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे आणि आईवडिलांना त्याचा पत्ताही नसतो.

या चर्चेतून वर्गाने पहिली सवय निवडली ती हिशेबाच्या वहीची. रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटे, दिवसभराचा खर्च, घरातल्या सर्वांसमोर. वही साधी, दोनशे पानी. काहींना हे फारच क्षुल्लक वाटले. परंतु आमच्यापैकीच एका कुटुंबाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांनी मुलीचे लग्न थाटात केले. हॉल, बँड, मटणाचे जेवण, आहेर. त्यासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि धाकट्या मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी घरात काही शिल्लक नव्हते. त्या गृहस्थांनी हे वर्गात सर्वांसमोर सांगितले, हे त्यांचे धैर्य. लग्नाला आम्हीही जेवून आलो होतो. जेवण उत्तम झाले असे म्हणून आलो होतो. त्यांना त्या वेळी कोणी अडवले नाही, यात आमचाही वाटा आहे.

अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. जवळ असण्याचे सुख, उपभोगाचे सुख, ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. यातले तिसरे, अनणसुख, आपल्या वस्तीत सर्वांत दुर्मिळ झाले आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीची वाटणीही दिली आहे: एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला, चौथा अडचणीच्या काळासाठी शिल्लक. पगारदार माणसाला हे प्रमाण जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. घरभाडे आणि शाळेची फी यातच अर्धा पगार जातो. तरी चौथा हिस्सा नाही तर दहावा, पण महिन्याच्या पहिल्या तारखेला बाजूला पडला पाहिजे. शेवटच्या तारखेला उरेल ते टाकू म्हटले की काही उरत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

आता आहाराकडे वळू. येथे कोसलचा राजा पसेनदी याची कथा आम्हाला फार उपयोगी पडली. संयुत्त निकायात ती आहे. राजा एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो श्रावस्तीला भगवंतांच्या भेटीला आला. त्यांनी त्याला एक गाथा सांगितली. तिचा आशय इतकाच की, जो स्मृती ठेवून जेवतो आणि प्रमाण ओळखतो, त्याचा त्रास कमी होतो आणि म्हातारपण सावकाश येते. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, ही गाथा पाठ कर, मी जेवायला बसलो की म्हण, तुला रोज शंभर कहापण देईन. पुढे राजाचा आहार हळूहळू कमी होत नाळीभर भातावर आला. एके दिवशी स्वतःच्या हलक्या झालेल्या अंगावरून हात फिरवीत त्याने तथागतांचे उपकार आठवले.

अट्ठकथेत याची युक्ती दिली आहे. राजा शेवटचा घास उचलणार, तेवढ्यात सुदस्सनाने गाथा म्हणायची, राजाने तो घास ठेवून द्यायचा. त्या घासात जितकी शिते असतील, तितके तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवायचे. म्हणजे रोज एक घास कमी. एकदम उपवास नाही, एकदम शपथ नाही. आजचे डॉक्टरही मधुमेहाच्या रुग्णाला असे बेताबेतानेच आणतात. आपल्या घरांत मधुमेह आणि रक्तदाब किती आहे, हे आपल्याला माहीत आहे. स्वतः बाबासाहेबांना अखेरची अनेक वर्षे मधुमेहाने पोखरले होते आणि त्या अवस्थेत त्यांनी लिहिलेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सुकट, पापड, लोणचे आणि वरून भातावर चिमूट मीठ असा बेत असेल, तर तो चमचा दुपारीच भरतो. वरचे मीठ ताटातून हद्दपार करणे हे एका घासाइतकेच सोपे आहे.

या कथेतील दुसरी गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. पसेनदी राजा होता. उपदेश साक्षात भगवंतांचा होता. तरीही त्याला जेवणाच्या वेळी मागे उभा राहून आठवण करून देणारा माणूस लागला. मग आपण एकट्याच्या निश्चयावर किती भिस्त ठेवावी? आमच्या वर्गाने पहिल्या वर्षी नेमकी हीच चूक केली. आषाढी पौर्णिमेला फळ्यावर अकरा संकल्प लिहिले, सर्वांनी हात जोडून ते म्हटले, आणि भाद्रपद उजाडेपर्यंत त्यातला एकही कोणाला धड आठवत नव्हता. दुसऱ्या वर्षी आम्ही एकेकाला एकच सवय आणि एकेक जोडीदार दिला. जोडीदाराचे काम सुदस्सनाचे. शंभर कहापण द्यायची आमची ऐपत नव्हती, चहावर भागले. काही जोड्या टिकल्या, काही मोडल्या. दोघा मित्रांनी एकमेकांना सूट देऊन टाकली, असेही झाले. टिकलेल्या जोड्यांत सासू-सुनेची एक जोडी होती, याचे आम्हाला नवल वाटले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास करून तो २००९ साली प्रसिद्ध केला. प्रत्येकाने खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक लहानशी गोष्ट निवडून ती रोज ठराविक प्रसंगी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, करायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. मात्र माणसामाणसांत १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही आढळले. वर्षावास तीन महिन्यांचा, म्हणजे सुमारे नव्वद दिवसांचा. एक सवय रुजवायला हा काळ पुरेसा आहे; अकरांना नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तिला आम्ही विचारले, भांडण नेमके किती वाजता होते? ती म्हणाली, "सात-साडेसातला. आई कामावरून येते तेव्हा." आई चार घरची कामे करून येते. आल्यावर पाणी भरायचे, भांडी घासायची, स्वयंपाक करायचा. वडील ड्युटीवरून येऊन पडलेले, भाऊ क्रिकेट खेळून आलेला, मुलगी अभ्यासाला बसलेली. पिंप रिकामे. तेथून शब्दाला शब्द वाढतो.

यावर आम्ही चूळगोसिंग सुत्त वाचले. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू गोसिंग सालवनात एकत्र राहत होते. भगवंतांनी त्यांना विचारले, तुम्ही दूध-पाण्यासारखे एकजीव होऊन राहता ना? अनुरुद्धांनी होय म्हटल्यावर भगवंत तेवढ्यावर थांबले नाहीत. ते कसे, हे विचारले. तेव्हा अनुरुद्धांनी आधी मनातले सांगितले. असे सोबती लाभले हे आपले भाग्य, आपली इच्छा बाजूला ठेवून त्यांच्या इच्छेप्रमाणे वागावे. आणि मग घरकाम सांगितले. भिक्षेहून जो आधी परत येतो, तो आसने मांडतो, पिण्याचे आणि धुण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी येतो, तो उरलेले आवरतो, भांडी धुतो, जेवणाची जागा झाडतो. पाण्याचे मडके रिकामे ज्याला दिसेल, तो भरतो. एकट्याला उचलले नाही, तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो. तोंडातून शब्द काढत नाही. आणि दर पाचव्या रात्री तिघे मिळून रात्रभर धम्मचर्चा करतात.

मडके कोणी भरायचे याला येथे नेमलेला माणूस नाही. ज्याला रिकामे दिसेल तो. आपल्या घरात मात्र रिकामे मडके एकाच व्यक्तीला दिसते. बाकीच्यांचे डोळे शाबूत असतात, पण ते मडक्यापर्यंत पोहोचत नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. त्या भाषणाला ऐंशी वर्षे उलटून गेली. आपल्या कार्यक्रमांत त्याचा उल्लेख पुरुष वक्ते आवर्जून करतात आणि त्याच वेळी मागच्या खोलीत जेवणाची तयारी महिला मंडळ करत असते. हे लिहिताना आम्हीही शरमिंदे आहोत. मंडळाच्या मागच्या वर्षीच्या कार्यक्रमात असेच घडले.

झोपेविषयी थोडे. हत्थक आळवकाने कडाक्याच्या थंडीत भगवंतांना सिंसपावनात पाहिले. गुरांच्या खुरांनी कडक झालेली जमीन, तीवर पानांचे विरळ अंथरुण, अंगावर पातळ चीवर आणि गार वारा. त्याने विचारले, झोप नीट लागली का? भगवंत म्हणाले, जगात जे सुखाने झोपतात त्यांपैकी मी एक आहे. आणि त्यांनी उलट विचारले की, उबदार घर, मऊ गादी, दिवा, सेवेला माणसे, पण मनात लोभ, द्वेष, मोह यांचा दाह असेल तर त्या गृहस्थाला झोप लागेल काय? नाही, हे हत्थकालाही मान्य होते. आमच्या घरी उबदार गादी नसेल, पण डोक्याशी मोबाईल असतो आणि कोणीतरी टाकलेला मजकूर वाचून रात्री बारा वाजता द्वेष जागा होतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणावे, तर अनेकांच्या घराला दुसरी खोलीच नाही. तेव्हा फोन कपाटावर ठेवून, दिवसभरात ज्याच्याशी वाकडे बोललो त्याच्यासाठी दोन मिनिटे मैत्री भावना करून झोपावे, इतकेच वर्गाने ठरवले.

विद्यार्थ्यांना सिगालोवादातील आळशी माणसाची यादी वाचायला आम्ही आग्रहाने सांगतो. फार थंडी आहे, फार उकडते आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे, भूक लागली आहे, पोट फार भरले आहे. असे म्हणत तो काम टाळतो. वर्गात ही यादी वाचली तेव्हा मुले खूप हसली, कारण प्रत्येकाला आपले कारण त्यात सापडले. त्यावर उपाय म्हणून आम्ही कोणतेही मोठे वेळापत्रक दिले नाही. बाबासाहेबांच्या बालपणातील एक प्रसंग सांगितला. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सर्वांनी एकदम झोपायला जागा नव्हती. म्हणून रामजी सुभेदार भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोन वाजता त्यांना अभ्यासाला उठवून मग आपण झोपत. मुलाच्या जागरणाचे कौतुक सर्व जण करतात. आम्हाला त्यात जागा राहिलेला बाप दिसतो, आणि मुलगा आधी झोपून घेत असे हेही दिसते. रोज रात्री दोनला उठण्याचे अनुकरण कोणी करू नये. आपल्याला हाक मारणारा कोण, हे मात्र ठरवावे.

वर्षावासाच्या शेवटच्या रविवारी ती मुलगी पुन्हा बोलली. घरात हिशेबाची वही सुरू आहे, पण वडील त्यात सगळे लिहीत नाहीत असा आईला संशय आहे. पिंप आता भाऊ भरतो. साडेसहाला, आई यायच्या आधी. भांडणे थांबली का, असे एकाने विचारले. ती म्हणाली, "थांबली नाहीत. पण आता जेवून झाल्यावर होतात. आणि रोज नाही होत." वर्ग हसला, तीही हसली.

पुढच्या वर्षावासाला तिच्या भावालाही घेऊन ये, असे आम्ही तिला सांगितले आहे. तो येतो म्हणाला आहे. त्याचा जोडीदार अजून ठरायचा आहे.